संगणक प्रयोगशाळेच्या आधारे माहिती प्रणालीचे पदवी शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी स्तरावर माहिती प्रणाली हा विषय शिकवणारे शिक्षक, प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळणारे सहकारी आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. यंत्रांच्या खरेदीपेक्षा प्रयोगांच्या आखणीवर येथे अधिक भर आहे.

माहिती प्रणाली हा व्यवस्थापनाकडे झुकणारा विषय आहे. त्याला प्रयोगशाळा कशाला हवी?

याच समजामुळे अनेक ठिकाणी हा विषय फळा आणि स्लाइड यांवर उरकला जातो. संस्थेतली माणसे, त्यांच्या कामाच्या पद्धती, त्या कामातून साठत जाणारा डेटा आणि तो हाताळणारी यंत्रणा ही सगळी एकमेकांत गुंतलेली असतात, आणि ती कुठे अडखळतात हे नुसते वर्णन ऐकून कळत नाही. ‘एकाच वेळी दोघांनी नोंद बदलली तर डेटाची सुसंगती बिघडू शकते’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि नोकरी लागल्यावर नेमकी तीच चूक करतो, कारण सुसंगती बिघडताना त्याने कधी पाहिलेलीच नसते.

अभ्यासक्रमांचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. एसीएम या संगणन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने माहिती प्रणालीच्या पदवी अभ्यासक्रमासाठी १९७३ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. पुढे एआयएस या माहिती प्रणालीच्या अभ्यासकांच्या संघटनेच्या सहभागाने झालेले आराखडे १९९७, २००२, २०१० आणि २०२० या वर्षांच्या नावांनी ओळखले जातात. त्यांपैकी २०२० च्या आराखड्यात विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा तो काय करू शकतो, यावर भर आहे. एखाद्याला काय करता येते हे तपासायचे, तर ते करून पाहण्याची जागा आधी उपलब्ध असावी लागते.

संगणकशास्त्र विभागाची प्रयोगशाळा आहेच. तीच वापरली तर चालणार नाही का?

खोली, यंत्रे आणि नेटवर्क सामायिक असायला काहीच हरकत नाही; प्रयोग मात्र तेच चालणार नाहीत. प्रोग्रॅमिंगच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकात एक विद्यार्थी, एक यंत्र, एक प्रोग्रॅम आणि एक अपेक्षित उत्तर असते. माहिती प्रणालीच्या प्रात्यक्षिकात अनेक वापरकर्ते, सर्वांचा मिळून एकच डेटा, प्रत्येकाचे वेगवेगळे अधिकार आणि गेल्या आठवड्यातल्या नोंदींचे आजच्या कामावर होणारे परिणाम, एवढे सगळे असावे लागते. पीटर डेनिंग यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९८९ मध्ये संगणनाच्या अभ्यासाची सिद्धान्त, अमूर्तीकरण आणि रचना अशी तीन अंगे मांडली आणि शिक्षणात प्रयोगशाळेला महत्त्वाचे स्थान दिले. माहिती प्रणालीच्या शिक्षकाला त्यात संस्था हे चौथे अंग धरूनच प्रयोग आखावे लागतात.

प्रत्येकाकडे लॅपटॉप असताना स्वतंत्र खोलीची गरज उरते का?

एकट्याने करायच्या सरावासाठी उरत नाही, आणि तसा सराव घरी करायला सांगणेच योग्य. खोली लागते ती एकत्र घडणाऱ्या गोष्टींसाठी: सगळ्यांनी एकाच सर्व्हरवर काम करणे, तो मुद्दाम बंद पाडणे, त्या वेळी कोणाचे काय अडले हे समोरासमोर पाहणे आणि गोंधळ चालू असतानाच शिक्षकाने नेमका प्रश्न विचारणे. शिवाय वीस लॅपटॉपवर वीस वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की तासाचा पहिला अर्धा भाग सॉफ्टवेअर बसवण्यातच जातो, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाही.

चांगला प्रयोग नेमका कसा असतो? एखादे उदाहरण द्याल का?

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एका सामायिक सर्व्हरवर ‘साठा’ नावाचे टेबल करावे. त्यात एकाच वस्तूची एकच ओळ ठेवावी आणि शिल्लक नग १० लिहावेत. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात; जोडीतले दोघे दोन वेगळ्या यंत्रांवर बसून दोन विक्री खिडक्यांवरचे कर्मचारी होतील. दोघांनीही ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा पूर्ण रद्द होणारा आज्ञांचा गट) सुरू करून शिल्लक वाचावी. दोघांनाही १० दिसतील. पहिल्याने ३ नग विकले, म्हणून त्याने शिल्लक ७ लिहावी. दुसऱ्याने ४ नग विकले, म्हणून त्याने ६ लिहावी. दुसऱ्याची आज्ञा थोडा वेळ थबकलेली दिसेल आणि पहिल्याने कमिट करताच, म्हणजे आपला बदल कायम करताच, पुढे सरकेल. दोघांचे काम संपल्यावर टेबलात ६ ही संख्या असेल. विकले गेले ७ नग, म्हणजे उरायला हवेत ३, आणि नोंद सांगते ६. कुठेही त्रुटीचा संदेश आलेला नाही. हा क्षण वर्गात फार मोलाचा असतो, कारण ‘चूक झाली तर संगणक सांगेलच’ हा समज इथे डोळ्यांदेखत मोडतो.

त्यानंतर तोच प्रयोग वेगवेगळ्या प्रकारे करून पाहावा. शिल्लक थेट ६ न लिहिता ‘आहे त्यातून ४ वजा कर’ अशी आज्ञा दिली, की उत्तर ३ येते, कारण थांबून राहिलेली आज्ञा पुढे जाताना ओळीची ताजी किंमत घेते. पुढच्या फेरीत ट्रान्झॅक्शनच्या अलगपणाची पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) ‘रीड कमिटेड’वरून ‘रिपीटेबल रीड’वर न्यावी, आता दुसऱ्या कर्मचाऱ्याचा बदल सर्व्हर चक्क नाकारतो आणि त्याला सगळे पुन्हा करावे लागते. हाच प्रयोग मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या नेहमीच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेवर केला, तर तिथे ‘रिपीटेबल रीड’ ही मुळातलीच पातळी असूनही साधे वाचन करून लिहिलेले ६ निमूटपणे स्वीकारले जातात. पातळीचे नाव एक, वागणूक दोन. पुस्तकातली व्याख्या आणि हातातले उत्पादन यांत किती अंतर असू शकते, हे विद्यार्थ्याला यातून उमगते.

शेवटची फेरी दोन वस्तूंची करावी. एकाने आधी पहिली आणि मग दुसरी वस्तू बदलायची, दुसऱ्याने उलट क्रमाने. दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. पोस्टग्रेएसक्यूएल मूळ मांडणीनुसार एक सेकंदानंतर ही कोंडी तपासते आणि दोघांपैकी एकाचे ट्रान्झॅक्शन रद्द करते.

इथवरचा भाग डेटाबेसचा झाला. माहिती प्रणालीचा प्रश्न यानंतर विचारायचा: ज्याचे ट्रान्झॅक्शन रद्द झाले त्याच्यासमोर ग्राहक उभा आहे, त्याला काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि पडद्यावर कोणता संदेश यायला हवा? या प्रश्नावर दहा मिनिटे चर्चा झाली नाही, तर प्रयोग अर्धवट राहिला असे मी धरतो.

प्रयोग करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून काही तयारी करून घ्यावी का?

हो. काय घडेल याचा अंदाज लेखी घ्यावा. आज्ञा देण्याआधी प्रत्येकाने अपेक्षित उत्तर एका ओळीत लिहिले, की नंतर ‘मला हे माहीतच होते’ म्हणण्याची सोय राहत नाही, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक समजावून सांगणे हेच प्रात्यक्षिकाच्या लेखनाचे मुख्य काम होते. तयार पायऱ्यांची यादी देऊन ती जशीच्या तशी टाइप करून घेण्यात बोटांचा व्यायाम होतो, बाकी फारसे काही नाही.

अभ्यासक्रमातल्या कोणकोणत्या विषयांना प्रयोगशाळा जोडावी?

डेटाबेस, नेटवर्क व पायाभूत यंत्रणा, सुरक्षा आणि व्यवसाय प्रक्रिया या विषयांबद्दल फारसे दुमत नसते. माहिती प्रणालीचे धोरण किंवा कायदा व नीतिमत्ता यांसारख्या विषयांना केवळ तास भरून काढण्यासाठी प्रात्यक्षिक जोडू नये. तिथे प्रकरण-अभ्यास अधिक उपयोगी पडतो.

सर्वांत उपेक्षित राहते ते प्रणाली विश्लेषण. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली एंटिटी-रिलेशनशिप आकृती, म्हणजे डेटातले घटक आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती, आजही शिकवली जाते, पण ती तयार वर्णनावरून काढायला सांगितली जाते. खऱ्या कामात असे वर्णन कोणी आयते देत नाही. म्हणून प्रयोगशाळेत एका गटाला ग्राहकसंस्थेची भूमिका द्यावी. भांडारप्रमुख, लेखापाल आणि व्यवस्थापक यांना वेगवेगळी, काही ठिकाणी एकमेकांशी न जुळणारी माहिती द्यावी आणि दुसऱ्या गटाने त्यांच्या मुलाखती घेऊन आकृती काढावी. भांडारप्रमुखाच्या लेखी माल दारात उतरला की ‘आला’. लेखापालाच्या लेखी बिल मंजूर झाले की ‘आला’. हा फरक ज्या गटाच्या ध्यानात येत नाही, त्याची आकृती दिसायला कितीही नीटनेटकी असली तरी तिच्यावर उभी केलेली प्रणाली महिनाअखेरीस ताळा बसवू देणार नाही. आकृती पूर्ण झाल्यावर, आणि शक्यतो टेबले तयार झाल्यावर, व्यवस्थापकाने एक मागणी बदलावी. तयार रचना बदलताना होणारा त्रास हाच त्या दिवशीचा धडा असतो.

स्प्रेडशीट सर्वांना येतेच. तिच्यावर प्रयोगशाळेचा वेळ का घालवायचा?

येते ती आकडेमोड; तिच्या मर्यादा माहीत नसतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविड चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस स्वरूपाच्या फायलींमधून पुढे पाठवले जात होते. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध घेण्यास विलंब झाला. एक्सेलच्या २००७ पासूनच्या स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, म्हणजे ती वाढली, संपलेली नाही.

यावर आधारलेला प्रयोग अगदी सोपा आहे. ७०,००० ओळींची मजकूर फाइल द्यावी, तिचे जुन्या स्वरूपात रूपांतर करायला लावावे आणि आधी व नंतर ओळी मोजायला सांगावे. त्याच फाइलमध्ये शून्याने सुरू होणारे काही ग्राहक क्रमांक ठेवावेत. फाइल सरळ उघडली की पुढचे शून्य गळते, आणि तो क्रमांक दुसऱ्या टेबलाशी जुळवताना काही ग्राहक बेपत्ता होतात. शेवटी विद्यार्थ्यांनी स्वतःच एक तपासणी सुचवावी: पाठवणाऱ्याने ओळींची संख्या आणि रकमांची एकूण बेरीज सोबत पाठवायची, घेणाऱ्याने ती पडताळायची. लेखापालांना ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. संगणक शिकलेल्यांनाच ती मुद्दाम शिकवावी लागते, हे थोडे गमतीचे आहे.

एका बॅचमध्ये किती विद्यार्थी असावेत? एका यंत्रावर दोघे चालतील का?

एका शिक्षकाला आणि एका सहायकाला मिळून वीस ते चोवीस विद्यार्थ्यांकडे नीट लक्ष देता येते. त्यापुढे शिक्षक केवळ अडचणी निस्तरत फिरतो. एका यंत्रावर दोघे हा नाइलाज मानू नये. एकाने कीबोर्ड सांभाळावा, दुसऱ्याने पुढची पायरी आणि तिचे कारण बोलून दाखवावे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल करावी. अदलाबदलीची वेळ शिक्षकानेच पुकारली पाहिजे. ती विद्यार्थ्यांवर सोडली तर ज्याचा हात चांगला चालतो तोच तासभर टाइप करत राहतो. तिघे मात्र नकोत.

यंत्रे कोणत्या क्षमतेची घ्यावीत?

वेगवान प्रोसेसरपेक्षा मेमरी महत्त्वाची. एकाच वेळी दोन व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवायच्या असतील, तर ८ जीबी अपुरी पडते आणि १६ जीबीमध्ये काम सुखाने होते. डिस्क एसएसडीच असावी. याशिवाय एक सामायिक सर्व्हर, खोलीपुरता स्वतंत्र स्विच आणि सर्व्हरला यूपीएस. उरलेले पैसे मोठ्या पडद्यांवर खर्च करण्यापेक्षा सहायकाच्या मानधनासाठी राखून ठेवणे केव्हाही चांगले.

सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे घ्यावे की व्यावसायिक?

डेटाबेस, कार्यालयीन संच, आकृत्या आणि आवृत्ती-नोंदी यांसाठी मुक्त स्रोताची साधने पुरेशी आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल, लिबरऑफिस आणि गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) यांच्यावर तीन वर्षांची प्रात्यक्षिके आरामात होतात. एकाच डेटाबेसवर अवलंबून राहू नये, याचे कारण साठ्याच्या प्रयोगात आलेच आहे.

संस्थेच्या एकात्मिक व्यवहार प्रणाली, म्हणजे ईआरपी, हा प्रश्न जरा वेगळा आहे. सॅपसारख्या कंपन्या शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवतात, आणि कॅनडातील एचईसी माँट्रियाल येथे तयार झालेल्या ‘ईआरपीसिम’ या खेळात विद्यार्थ्यांचे गट प्रत्यक्ष ईआरपी वापरून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या चालवतात. हे शक्य नसेल तर ओडूची सामुदायिक आवृत्ती किंवा ईआरपीनेक्स्ट बसवावे. उत्पादन कोणते हे दुय्यम आहे. खरेदीची मागणी, आदेश, मालाची पावती, बिल आणि रक्कम अदा करणे ही साखळी पाच विद्यार्थ्यांनी पाच भूमिकांतून पूर्ण करणे महत्त्वाचे. एकाने मालाची पावती नोंदवायला विसरायचे, आणि बिल पुढे का सरकत नाही याचा शोध बाकीच्यांनी घ्यायचा. पडद्यावरची बटणे कुठे आहेत हे शिकवणे म्हणजे ईआरपी शिकवणे नव्हे. बटणे पुढच्या आवृत्तीत बदलतात.

विद्यार्थ्यांना जास्त अधिकार दिले तर ते यंत्रे बिघडवतील. त्यावर उपाय काय?

बिघडवू द्यावीत, पण व्हर्च्युअल मशीनच्या आत. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात आधीच्या स्थितीची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवली की मशीन काही मिनिटांत पूर्ववत होते. मूळ यंत्रासाठी क्लोनझिलासारख्या साधनाने डिस्कची प्रतिमा ठेवावी आणि सत्र सुरू होण्यापूर्वी ती सर्व यंत्रांवर उतरवावी. प्रशासकाचा अधिकार एकदाही न वापरता पदवीधर झालेला विद्यार्थी पहिल्याच नोकरीत बिचकतो.

बिघाडालाच प्रयोगाचे रूप देता येते. रात्री १२ वाजता डेटाबेसची बॅकअप प्रत घेतली आहे आणि दुपारी ३ वाजता कोणीतरी ऑर्डरींचे टेबल पुसले, अशी स्थिती उभी करावी. केवळ रात्रीची प्रत असेल तर पंधरा तासांच्या नोंदी गेल्या. बदलांची नोंदवही वेगळी जतन केलेली असेल, तर पुसण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत परत येता येते, पण त्यासाठी तयारी आधीपासून करून ठेवावी लागते. मग विचारावे: संस्थेला किती तासांच्या नोंदी गमावणे परवडेल आणि हे ठरवायचे कोणी, डेटाबेस सांभाळणाऱ्याने की व्यवसाय सांभाळणाऱ्याने? बॅकअप घेण्याचा सराव सगळेच करतात. तो परत उतरवून पाहण्याचा सराव फार थोड्या ठिकाणी होतो.

सुरक्षेचे प्रयोग घेणे धोक्याचे नाही का?

वेगळे काढलेले नेटवर्क असेल तर नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरले म्हणजे प्रयोग सुरक्षित झाला, हा गैरसमज आहे. त्या पत्त्यांवरून राउटरमार्फत बाहेर जाता येतेच. व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क ‘अंतर्गत’ प्रकाराचे ठेवावे किंवा खोलीचा स्विच बाहेरच्या जोडणीपासून खरोखर तोडावा. हल्ल्याचे लक्ष्य म्हणून ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचे वेबगोट यासारखे मुद्दाम कच्चे ठेवलेले सॉफ्टवेअर वापरावे. संस्थेच्या चालू संकेतस्थळाला हात लावायचा नाही, ही अट लेखी घ्यावी.

वायरशार्क हे नेटवर्कवरची रहदारी दाखवणारे साधन वापरून एचटीटीपीवरून जाणारा पासवर्ड जसाच्या तसा वाचून दाखवणे आणि लगेच एचटीटीपीएसवर तेच करून पाहणे, हा पंधरा मिनिटांचा प्रयोग कूटलेखनावरच्या दोन व्याख्यानांचे काम करतो. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे माहिती भरायच्या जागी डेटाबेसची आज्ञा घुसवणे, हेही तसेच: आधी लॉगिनची चौकट फोडून दाखवावी आणि मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि भरलेली माहिती वेगळी ठेवण्याची पद्धत) वापरून विद्यार्थ्यांकडूनच ती दुरुस्त करून घ्यावी. फोडून दाखवणे आणि दुरुस्ती एकाच तासात झाली पाहिजे. दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली की लक्षात फक्त फोडणे राहते.

सरावासाठी डेटा कुठून आणावा?

खऱ्या व्यक्तींचा डेटा कधीही वापरू नये, अगदी विद्यार्थ्यांच्या गुणांचाही नाही. नॉर्थविंड, साकिला आणि चिनूक हे तयार नमुने सुरुवातीला ठीक आहेत, पण ते फार स्वच्छ आहेत. शिक्षकाने त्यात घाण कालवली पाहिजे: एकाच ग्राहकाची नावे दोन वर्णलेखनांत, ०३/०४ अशा तारखा ज्यांत महिना कोणता हेच कळत नाही, रिकाम्या जागी कुठे शून्य तर कुठे ‘लागू नाही’, आणि चुकीच्या कॅरेक्टर सेटमुळे प्रश्नचिन्हे झालेली देवनागरी नावे. असा डेटा साफ करताना विद्यार्थी जे निर्णय घेतात, ते लिहून काढायला लावावे. दोन नोंदी एकाच ग्राहकाच्या आहेत हे कशावरून ठरवले, याला तांत्रिक उत्तर नेहमीच असते असे नाही.

वेगाच्या प्रयोगांसाठी मात्र आकार लागतो. दहा लाख ओळी सर्व्हरवरच एका आज्ञेने तयार करता येतात. इंडेक्स (ओळी चटकन शोधण्यासाठीची सूची) नसताना आणि असताना एकाच क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची, अंमलबजावणी-योजना पाहावी. मग ज्या स्तंभात दोनच किमती आहेत आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात आहेत, त्यावर इंडेक्स करून पाहावा; डेटाबेस सहसा त्याकडे दुर्लक्ष करून सगळे टेबल वाचतो. ‘इंडेक्स केला म्हणजे वेग वाढला’ हे समीकरण तिथे मोडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्वेरी लिहून देत असताना प्रात्यक्षिकाला काय अर्थ उरतो?

क्वेरी लिहिण्याला गुण देण्यात आता फारसा अर्थ नाही. तिचे उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याला आहे. दोन उदाहरणे पाहा. ‘एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक’ शोधायला ‘नॉट इन’ वापरून लिहिलेली क्वेरी दिसायला निर्दोष असते, पण ऑर्डरींच्या टेबलात एका जरी ओळीत ग्राहक क्रमांक नल, म्हणजे न भरलेला, असेल, तर उत्तर रिकामे येते. दुसरे: एका ऑर्डरीत ३ वस्तू आहेत आणि तिचे पैसे २ हप्त्यांत आले आहेत. ऑर्डर, वस्तू आणि हप्ते ही तिन्ही टेबले सरळ जोडली तर ६ ओळी होतात आणि जमा रकमेची बेरीज तिप्पट दिसते. त्रुटीचा संदेश नाही, अहवाल मात्र साफ चुकीचा.

अशी चुकीची पण चालणारी क्वेरी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, मग ती साधनाने लिहिलेली असो वा शिक्षकाने, आणि चूक सिद्ध करणारा चार ओळींचा डेटा तयार करायला सांगावा. साधने वापरण्यास बंदी घालून फार काही साधत नाही. साधनाने काय दिले आणि विद्यार्थ्याने त्यात काय व का बदलले याची नोंद मागावी.

प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांवरून उतरवल्या जातात. मूल्यमापन कसे करावे?

सर्वांना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला तर वह्या उतरवल्या जाणारच; दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही. प्रत्येकाचा डेटा थोडा वेगळा असावा, म्हणजे उत्तरातला आकडाही वेगळा येतो. गटाच्या कामासाठी गिटचा इतिहास पाहावा: सहा आठवड्यांचे काम शेवटच्या रात्री एकाच नोंदीत आले असेल, तर तोंडी परीक्षेत काय विचारायचे हे आपोआप ठरते. शेवटी प्रत्येकाला एक बिघडलेली प्रणाली आणि पाऊण तास द्यावा. बिघाड पूर्णपणे सापडला नाही तरी तो कोणत्या क्रमाने, काय नाकारत शोधला, याला गुण असावेत.

नेमून दिलेल्या तासांखेरीज प्रयोगशाळा खुली ठेवावी का?

ठेवावी, पण दोन्हींची कामे वेगळी आहेत हे लक्षात ठेवून. नियोजित तास एकत्र घडणाऱ्या प्रयोगांसाठी आणि खुला वेळ अपुरे काम पुरे करण्यासाठी. खुल्या वेळेत वरच्या वर्गातले एक-दोन विद्यार्थी मदतीला बसवले, तर शिक्षकाला विचारायला संकोचणारेही प्रश्न घेऊन येतात.

सगळे क्लाउडवर नेले तर?

जागेची आणि देखभालीची अडचण त्यामुळे सुटते, आणि आजच्या संस्था क्लाउडवरच काम करत असल्याने तो अनुभवही मिळतो. मात्र विद्यार्थी यंत्रे चालू ठेवून निघून जातात आणि बिल वाढत राहते. खर्चाची मर्यादा ओलांडल्याची सूचना बहुतेक सेवा देतात. पण सूचना म्हणजे अटकाव नव्हे, यंत्रे आपोआप बंद होण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. नेटवर्क तोडून पाहणे, केबल काढणे, सर्व्हरची वीज घालवणे हे प्रयोग मात्र खोलीतच करावेत.

दृष्टिबाधित विद्यार्थी असतील तर काय बदल करावे लागतात?

एनव्हीडीए हे मोफत स्क्रीनरीडर सर्व यंत्रांवर आधीच असावे, मागणी झाल्यावर नव्हे. आकृत्यांसाठी मजकुरातून रचना लिहिण्याची पद्धत स्वीकारावी. टेबले, त्यांचे स्तंभ आणि परस्परसंबंध ओळींमध्ये लिहिता येतात. आज्ञांवर चालणारी साधने अशा विद्यार्थ्यांना चित्रमय साधनांपेक्षा बहुधा सोयीची पडतात.

एका सत्रात किती प्रयोग असावेत?

वीस छोट्या प्रात्यक्षिकांपेक्षा सात-आठ मोठी बरी, आणि ती सगळी एकाच काल्पनिक संस्थेभोवती गुंफलेली असावीत. पहिल्या आठवड्यात केलेल्या टेबलांवरच सहाव्या आठवड्यातला अहवाल निघाला, तर सुरुवातीला घेतलेला चुकीचा निर्णय विद्यार्थ्याला स्वतःलाच भोवतो. सुटी प्रात्यक्षिके दर आठवड्याला कोरी पाटी देतात, त्यामुळे जुन्या निर्णयांची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही.

पैसा आणि वेळ दोन्ही कमी आहेत. सुरुवात कुठून करावी?

जुन्या यंत्रांपैकी बऱ्यातल्या बऱ्या एकाला मेमरी वाढवून सर्व्हर करावे, त्यावर पोस्टग्रेएसक्यूएल बसवावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे खाते द्यावे. पहिल्या सत्रात तीनच प्रयोग नवे घ्यावेत: साठ्याचा, स्प्रेडशीटचा आणि बॅकअप परत उतरवण्याचा. यांतल्या एकालाही नवीन खरेदी लागत नाही. प्रत्येक प्रयोगानंतर सहायकाने विद्यार्थी कुठे अडले याची टिपणे ठेवावीत आणि पुढच्या बॅचच्या आधी प्रयोगाची सूचनापत्रिका त्याप्रमाणे दुरुस्त करावी. यंत्रांच्या मागणीचा प्रस्ताव दुसऱ्या सत्रात, ही टिपणे जोडून पाठवावा. कोणता प्रयोग कोणत्या उणिवेमुळे अडला हे तोवर नेमके लिहिता येते.